अर्जाला शेवटची तारीख, पैशाला कुठलीच नाही

पवईत आयआयटीच्या मुख्य फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या एका दुकानात या आठवड्यात एक पत्रक हाती आलं. पीएच.डी.साठी फेलोशिप शोधून देऊ, अर्ज भरून देऊ, शुल्क आगाऊ, असा मजकूर. दुकानदाराला विचारलं, कोण घेतं हे? तो म्हणाला, आतली मुलं नाही घेत. कलिन्याहून, मुलुंड-घाटकोपरच्या कॉलेजांतून कामानिमित्त इथे येतात ती घेतात. आयआयटीच्या दारात मिळालेलं पत्रक म्हणजे त्यात काही तथ्य असेल, असं त्यांना वाटत असावं.

मला या पत्रकाचा संताप आला. त्यात छापलेली प्रत्येक योजना सरकारी किंवा विश्वस्त निधीची आहे, प्रत्येकीची माहिती फुकट उपलब्ध आहे, आणि ती विकत घेणारा पोरगा बहुधा घरातला पहिला पदवीधर आहे. पीएच.डी. गाइडच्या सहीबद्दल मी पूर्वी लिहिलं होतं तेव्हा ज्यांनी पत्रं पाठवली, त्यातल्या अनेकांचा शेवटचा प्रश्न हाच होता: पैसे कुठे मिळतील ते सांगा. तेव्हा आधी ते सांगून मोकळा होतो.

नेट देऊन जेआरएफ मिळवा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेट झालं नाही, म्हणून सगळं संपत नाही. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिले आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर फेलोशिप आहे. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर, इतिहासासाठी आयसीएचआर. परदेशी शिकायला जे. एन. टाटा एन्डाउमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं दार 1892 पासून उघडं आहे. जयंत नारळीकर त्यातूनच केंब्रिजला गेले. कलांवर काम करणाऱ्यांना बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदान देतं आणि अर्ज भारतीय भाषांतही घेतं, म्हणजे मराठीत लिहिलात तरी चालतो. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातच आहे, जे. पी. नाईक भवनात. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत जन्मलेल्या नाईकांनी आयसीएसएसआर ही परिषद 1969 साली उभी केली. त्यांच्या नावाच्या इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर बसणारी मुलं तिथली माहिती पवईत पैसे मोजून घेतात, याची लाज विद्यापीठाला वाटली पाहिजे.

शोधण्याचा भाग एवढाच. माझं म्हणणं पुढच्या भागाबद्दल आहे, कारण माणसं मोडतात ती तिथे. फेलोशिप सापडते, अर्ज जातो, यादीत नाव येतं, घरी पेढे वाटले जातात. मग पैसे येत नाहीत. तीन महिने, सहा महिने, कधी वर्ष. अर्जाची शेवटची तारीख मिनिटासकट छापलेली असते. पैसे जमा होण्याची तारीख कुठल्याही जाहिरातीत, कुठल्याही मंजुरी पत्रात नसते. हे मी याआधी लिहिलं आहे आणि ती तारीख छापून येईपर्यंत लिहीत राहणार आहे.

या विषयावर मला सर्वात बोलकी वाटते ती एकच तुलना. ती एकशे बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे, आणि ज्यांच्या नावाने आज महाराष्ट्रात संशोधकांना फेलोशिप दिली जाते, त्यांचीच आहे.

1913 च्या जून महिन्यात बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाबरोबर एक करार केला. सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी त्यांना दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, तीन वर्षांसाठी. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. अट कडक होती, पण त्या कागदात रक्कम होती, मुदत होती, अट होती. बाविशीतल्या तरुणाला निघण्यापूर्वी माहीत होतं की महिन्याला किती येणार आणि कधीपर्यंत येणार. त्या रकमेतून त्यांनी घरीही पैसे पाठवले आणि पुस्तकंही विकत घेतली. जुलैत न्यू यॉर्कला पोहोचले, 1915 साली एम.ए. झाले, पुढच्या वर्षी कोलंबियात प्रबंध तयार होता, आणि 1916 च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. हा वेग त्यांच्या बुद्धीचा आणि कष्टाचा होता, यात शंका नाही. पण महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या त्या पैशाशिवाय ती बुद्धी अभ्यासाला बसू शकली नसती.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे सांगितला जातो, पण फेलोशिपच्या संदर्भात कोणी सांगत नाही. मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्ध्यात होता आणि बडोद्याने परत बोलावलं. 1917 च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती, तेवढीच हाती होती. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना, महार आहे म्हणून पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलं गेलं. मुंबईला परतले. 1918 च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाला डी.एस्सी.

मधली तीन वर्षं मोजा. पैसा वेळेवर आला तेव्हा या माणसाने तीन वर्षांत दोन प्रबंधांइतकं काम केलं. पैसा थांबला तेव्हा त्याच माणसाचा लंडनचा प्रबंध तीन वर्षं थांबला. बुद्धी तीच, जिद्द तीच. बाबासाहेबांच्या बाबतीत जे झालं, ते लातूरच्या किंवा गोवंडीच्या मुलाच्या बाबतीत होणार नाही असं कसं मानायचं? आणि त्याच्या पाठीशी शाहू महाराज नाहीत, कर्ज देणारे भथेनाही नाहीत.

कोलंबियाचा प्रबंध 1925 साली पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो शिक्षणातल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांना अर्पण केला. लंडनचा अभ्यास अर्ध्यात सोडावा लागला याचा कडवटपणा त्यात नव्हता. दिलेला शब्द संस्थानाने मुदतीपर्यंत पाळला होता.

आता बाबासाहेबांच्या नावाच्या संस्थेकडे या. बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था. 2022 च्या तुकडीत 861 संशोधक पात्र ठरले आणि फेलोशिप 200 जणांनाच मिळेल असं सांगण्यात आलं. 2023 मध्ये ही मुलं आझाद मैदानावर बसली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा वर आला. प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात घालवायचे दिवस मैदानावर गेले. त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा प्रश्न उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला. त्याच महिन्याच्या 24 तारखेला बार्टी आणि तिच्यासारख्याच सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या संशोधकांची एक चाळणी परीक्षा घेतली गेली आणि तिला 2019 च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका दिली गेली. 10 जानेवारीला फेरपरीक्षा घेतली, तिथेही प्रश्नपत्रिकांच्या सीलवरून गोंधळ झाला. पुढे 2024 मध्ये निर्णय आला तो निम्म्या रकमेचा, आणि पूर्ण रकमेसाठी मुलांना पुन्हा आंदोलन करावं लागलं.

संस्थानिकाची शिष्यवृत्ती ही मर्जीची गोष्ट होती. राजाने मनात आणलं तर दिली, दिवाणाने मनात आणलं तर बंद. प्रजासत्ताकात ती मर्जी राहू नये म्हणून आपण अर्थसंकल्प, शासन निर्णय, स्वायत्त संस्था हे सगळं उभं केलं. मग 1913 च्या कागदात जेवढी खात्री होती तेवढी 2023 च्या शासन निर्णयात का नसावी? मोजके लाभार्थी निवडायचे असतील तर नोंदणीच्या आधी सांगा. परीक्षा घ्यायची असेल तर ती प्रवेशाच्या आधी घ्या. संशोधन सुरू झाल्यावर नियम बदलणं ही फसवणूक आहे, आणि ती कुठल्याही पक्षाच्या सरकारने केली तरी फसवणूकच आहे.

पवईच्या फाटकाच्या आत काय असतं, ते आता पाहू. 2023 हेच वर्ष. जूनमध्ये नंदन निलेकणी यांनी आपल्या या संस्थेला 315 कोटी रुपये दिले. ऑगस्टमध्ये नाव न सांगणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे 160 कोटी आल्याचं संस्थेने जाहीर केलं. मला त्याचा हेवा नाही. 1958 साली वरळीच्या सस्मिराच्या इमारतीत युनेस्को आणि सोव्हिएत मदतीवर सुरू झालेली ही संस्था आज आपल्या विद्यार्थ्यांकडून एवढं मागू शकते आणि ते देतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी चार लाख दिले होते. त्या विद्यापीठाचे अब्जाधीश माजी विद्यार्थी आज कमी नाहीत, त्यांच्याकडे कोणी जाऊन मागत नाही.

पण आतली खरी संपत्ती देणग्या नव्हेत. आत औद्योगिक संशोधन व सल्ला केंद्र आहे, सगळे आयआरसीसी म्हणतात. बाहेरून येणाऱ्या प्रकल्पांचा पैसा, करार, नेमणुका, हिशेब यांसाठी बसवलेलं स्वतंत्र कार्यालय. प्राध्यापकाने प्रस्तावात विज्ञान लिहायचं. अंदाजपत्रक कसं मांडायचं, उपयोगिता प्रमाणपत्र कधी जायला हवं, हे सांभाळायला माणसं आहेत. घाटकोपरच्या एखाद्या कॉलेजातली प्राध्यापिका मात्र हे सगळं एकटी करते, आठवड्याचे तास घेऊन, परीक्षेचे गठ्ठे तपासून, आणि लेखापालाला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे काय ते स्वतः समजावून. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो आणि प्रकल्पावरचा संशोधन सहायक घरी जातो. अनुदान मिळवणाऱ्या संस्थांनाच पुन्हा अनुदान का मिळतं, याचं मोठं कारण मला हे वाटतं. विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाचा 65 टक्के निधी आयआयटींना आणि जेमतेम 11 टक्के राज्य विद्यापीठांना जातो, असं केंद्राच्याच मंत्र्यांनी 2023 मध्ये सांगितलं. त्या मंडळाच्या जागी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत 50,000 कोटींचं उद्दिष्ट घेऊन. त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. उद्योगांचा पैसा आधीच ओळखीच्या दारात जाईल. कलिन्याला तो ओढून आणायला आज तरी पवईच्या तोडीचं कार्यालय नाही.

फाटकाच्या आतही सगळे सारखे नाहीत, हे लिहिलं पाहिजे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपला सुरुवातीला दरमहा 70,000 आणि वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. साध्या जेआरएफला 37,000, तेही 2023 पासून, त्याआधी 31,000. एकाच वसतिगृहात, एकाच प्रयोगशाळेत हे दोघं शेजारी बसतात. 37,000 त भागतं का, असं विचारणाऱ्यांनी तिरंदाज गावात किंवा फुलेनगरात एका खोलीचं भाडं विचारून पाहावं. वाढ मागायलाही प्रत्येक वेळी देशभरच्या संशोधकांना रस्त्यावर यावं लागलं. महागाई भत्त्यासारखी ती आपोआप का वाढू नये, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

तरी आतल्या मुलाला एक आधार आहे: संस्था म्हणून पाठीशी कोणी आहे. बाहेरच्या मुलाचा पैसा पुण्या-नागपूरच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयातून परस्पर त्याच्या खात्यात यायचा असतो. तो अडला की विद्यापीठ हात वर करतं. गाइड हळहळतो. विभागप्रमुख पत्र देतो. आणि मुलगा भांडुपच्या क्लासमध्ये दहावीची गणितं शिकवायला लागतो, मुलगी लग्नाला हो म्हणते. असे प्रबंध सोडलेल्यांची नोंद कुठे होत नाही, कारण कागदावर त्यांची नोंदणी चालूच असते.

म्हणून मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेकडे माझी मागणी साधी आहे. पुढच्या अर्थसंकल्पात एक शीर्ष उघडा. ज्या संशोधकाच्या हाती मंजुरी पत्र आहे आणि पैसे आलेले नाहीत, त्याला ते महिन्याच्या पाच तारखेला विद्यापीठाने द्यावेत आणि नंतर बार्टीकडून, सारथीकडून, यूजीसीकडून वसूल करावेत. थकबाकी वसूल करायला विद्यापीठाकडे कुलसचिव आहे, वित्त व लेखा अधिकारी आहे, वकील आहेत. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाकडे यातलं काही नाही. सरकारला सहा महिने थांबणं विद्यापीठाला परवडतं. त्याला एक महिनाही परवडत नाही. विद्यापीठ म्हणेल, आमच्याकडे पैसा नाही. मग ज्यांच्याकडे आहे अशा माजी विद्यार्थ्यांच्या दारात जा, पवई जाते तशी. राज्य सरकारने एवढंच करावं: प्रत्येक मंजुरी पत्रावर पैसे जमा होण्याची तारीख छापावी आणि ती चुकली तर व्याज द्यावं.

आणि ते पत्रक ज्यांच्या खिशात आहे, त्यांनी एक रुपयाही भरू नये. कलिन्याला जा, जे. पी. नाईक भवनात विचारा, आपल्या विभागातल्या वरच्या वर्गातल्या मुलामुलींना विचारा. ज्यांची फेलोशिप मंजूर होऊन अडली आहे, त्यांनी मंजुरीची तारीख आणि शेवटचा हप्ता आलेली तारीख मला कळवा. नाव छापणार नाही. तारखा मात्र सगळ्या छापणार.