माथेरानचे इंजिन आणि ‘धुराची हौस’



माथेरानचे वाफेचे इंजिन पुन्हा चालवणे म्हणजे ‘धुराची हौस’, असे एका वाचकांनी लिहिले आहे. हौस आहेच, ती नाकारत नाही. पण ‘ती धुडे आता चालणारच नाहीत’ हे त्यांचे विधान मान्य नाही.

आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ मध्ये नेरळ-माथेरान मार्ग सुरू केला. रूळ जेमतेम दोन फुटी आणि वळणे अतिशय तीव्र. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने इंजिनाच्या तीनपैकी पुढच्या-मागच्या चाकजोड्या पोकळ आसावर अशा बसवल्या, की वळणावर त्या थोड्या बाजूला सरकून वळतात. ही करामत उभ्या इंजिनात दिसत नाही. ती पाहायला इंजिन वळणावरच हवे.

या इंजिनांपैकीच ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या दोन फुटी रेल्वेवर दुरुस्त होऊन पुन्हा धावले. परक्यांना जमले ते आपल्या कारखान्यांना का जमू नये? रोज नको, हंगामात काही फेऱ्या पुरेत. कोपरखैरण्याहून ठाण्याला गाडी बदलून नेरळ गाठायला आमची तयारी आहे. धुराचे म्हणाल, तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर आम्ही तो रोज फुकट घेतो.

– एक वाचक, कोपरखैरणे