गिबोन कोठे होते?

गेल्या महिन्यात एके रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध शेतकरी ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या घरी रात्रीच्या रोजरीनंतर पवित्र शास्त्रातील एक अध्याय वाचण्याचा नेम आहे. यहोशवाचे पुस्तक चालू असता शहरातून सुट्टीवर आलेला त्यांचा मुलगा म्हणाला होता, “बाबा, ही गावे कोणी पाहिली आहेत? ही तर नुसती नावे!” वृद्ध गृहस्थ त्या दिवसापासून बेचैन होते. “फादर, ही गावे खरोखरीच होती का? मुलाला मी काय उत्तर देऊ?”

‘होती’ एवढे एका शब्दात सांगून त्यांचे समाधान करणे अवघड नव्हते. परंतु विचारणारा प्रामाणिक असेल, तर उत्तरही तसेच प्रामाणिक हवे. म्हणून आम्ही त्यांच्याकडे आठवडाभराची मुदत मागितली, आणि तेच उत्तर आज आमच्या सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत. सगळ्या गावांची हकीकत येथे मावणार नाही. एकच गाव घेऊ : गिबोन.

गिबोनकरांची गोष्ट वाचकांना आठवत असेलच. यरीहो आणि आय ही नगरे पडल्याचे कानी येताच ते घाबरले. बुरसटलेल्या भाकरी, ठिगळे लावलेले द्राक्षारसाचे बुधले आणि झिजलेली पायताणे घेऊन ते यहोशवाकडे आले व आपण फार दूर देशचे आहोत असे भासवून त्यांनी अभयाचा करार करून घेतला. तीन दिवसांत लबाडी उघडी पडली. तरीही परमेश्वराच्या नावाने वाहिलेली शपथ इस्राएलांनी मोडली नाही. गिबोनकर जिवंत राहिले, मात्र लाकडे तोडणे आणि पाणी भरणे हे काम त्यांच्या वाट्यास आले. पुढे दावीद राजाच्या काळी अबनेर व यवाब यांची माणसे गिबोनच्या तळ्याकाठी समोरासमोर बसली आणि तेथेच रक्त सांडले. शलमोनाला स्वप्नात देवाचे दर्शन घडले तेही गिबोन येथेच. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातही गिबोनच्या मोठ्या जलाशयाचा उल्लेख येतो. या साऱ्या कथांत एक खूण पुन्हा पुन्हा डोकावते, ती पाण्याची. तिच्याकडे लक्ष असू द्यावे.

असे हे नामांकित नगर कालांतराने विस्मृतीत गेले. इसवी सनाच्या चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप युसेबियस यांनी शास्त्रातील स्थळांचा एक कोश रचला. त्यात गिबोन बेथेलच्या पश्चिमेस सुमारे चार मैलांवर असल्याचे सांगितले आहे. यहुदी इतिहासकार योसेफस मात्र अंतर यरुशलेमपासून मोजतो, आणि तेही एके ठिकाणी ४० व दुसऱ्या ठिकाणी ५० स्टेडियम, म्हणजे आजच्या हिशेबाने सात ते नऊ किलोमीटर इतके देतो. दोघांचा मेळ बसेना.

१८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हे अमेरिकन प्राध्यापक आणि अरबी भाषा उत्तम जाणणारे त्यांचे सोबती एली स्मिथ हे पॅलेस्टाइनमध्ये फिरले. दोघेही प्रॉटेस्टंट होते. मठांतून यात्रेकरूंना सांगितल्या जाणाऱ्या परंपरांवर न विसंबता त्यांनी साध्या खेडुतांना गावांची नावे विचारण्याचा परिपाठ ठेवला. तो विचारतानाही ‘हेच ते अमुक गाव ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न ते टाळीत. कारण पाहुण्याला बरे वाटावे म्हणून माणूस ‘होय’ म्हणून जातो. त्यांची ही सावधगिरी आम्हांस आदर्श वाटते, आणि ती आमच्या मठवासी बंधूंविषयी थोडी कठोर होती म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

यरुशलेमच्या वायव्येस नऊ-दहा किलोमीटरांवर एका टेकडीवर अल-जीब नावाचे खेडे होते. पायथ्याशी बारमाही झरा, सभोवती सुपीक शेते. ‘जीब’ हे ‘गिबोन’चेच झिजलेले रूप, असा निष्कर्ष रॉबिन्सन यांनी काढला. त्यांच्याआधीही काही प्रवाशांना तसे वाटले होते. रॉबिन्सन यांनी त्यास कारणांची जोड दिली. इब्री ‘ग’चा अरबीत ‘ज’ होतो आणि शेवटची अक्षरे गळून पडतात. गोव्यातील आमच्या वाचकांना चंद्रपूरचे चांदर आणि बेळगावकडील वाचकांना वेणुग्रामाचे बेळगाव झालेले ठाऊक आहे. राजे जातात, राज्ये जातात, भाषाही बदलते. पण गावाचे नाव लोकांच्या जिभेवर घासत घासत का होईना, टिकून राहते.

तथापि नावाचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. गिबोन या इब्री नावात मधोमध एक कंठातून उच्चारावयाचा वर्ण आहे, त्याचा ‘जीब’मध्ये मागमूस नाही. युसेबियसच्या कोशातील अंतरही अल-जीबशी जुळत नाही. म्हणून आल्ब्रेख्त आल्ट यांच्यासारखे थोर जर्मन पंडित गिबोन अन्यत्र शोधीत राहिले. वाद शंभरांहून अधिक वर्षे चालला.

१९५६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे जेम्स प्रिचर्ड यांनी अल-जीब येथे उत्खननास प्रारंभ केला. १९६२ पर्यंत त्यांनी पाच हंगाम काम केले, आणि खोदकामाला हात लावले ते त्या गावच्याच मजुरांनी. तटाच्या आत, मातीने व दगडांनी बुजलेला एक प्रचंड खड्डा लागला. तो उपसल्यावर दिसले की अखंड खडकात कोरलेली ती एक वर्तुळाकार विहीर आहे : रुंदी सुमारे १२ मीटर, खोली सुमारे ११ मीटर. भिंतीला लागून पायऱ्या वळत वळत खाली जातात, तळाशी पोहोचल्यावर बोगद्यात शिरतात आणि आणखी खोल पाण्याच्या दालनापाशी थांबतात. पायऱ्या एकूण ७९. ही विहीर खोदताना सुमारे तीन हजार टन खडक फोडून काढावा लागला असावा, असा अंदाज आहे. शिवाय तटाच्या आतून थेट पायथ्याच्या झऱ्याकडे उतरणारा ९३ पायऱ्यांचा एक स्वतंत्र बोगदाही सापडला. शत्रूचा वेढा पडला तरी गावाला पाणी मिळावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप! पाणी भरणाऱ्यांच्या गावाची ती खूण येथे खडकात उमटलेली होती.

परंतु विहिरीवर गावाचे नाव कोरलेले नव्हते. ते सापडले विहीर बुजविणाऱ्या कचऱ्यात. मातीच्या फुटक्या सुरयांचे कान त्यात मिळाले आणि त्यांवर जुन्या इब्री लिपीत अक्षरे खोदलेली होती. अशा एकतीस कानांवर ‘गिबोन’ हे नाव वाचता आले. बहुधा ते इ. स. पूर्व सातव्या-सहाव्या शतकातील आहेत. ज्यांच्या मताला यामुळे सर्वांत मोठा धक्का बसला असता, ते आल्ट त्याच १९५६ साली, उत्खननापूर्वीच निवर्तले होते.

तरीही शंका उरतेच, आणि ती रास्त आहे. आपल्या स्वयंपाकघरातील चहाच्या पेटीवर आसामचे नाव असते, म्हणून आपले घर काही आसामात जात नाही! गिबोनचा माल सुरयांत भरून अल-जीबला आला असेल, तर नाव सापडेल, पण गाव दुसरीकडेच असेल. या शंकेचे उत्तरही मातीनेच दिले. १९५९ व १९६० च्या हंगामांत खडकात कोरलेली त्रेसष्ट तळघरे उघडी झाली. तोंड अरुंद, पोट मोठे, खोली सुमारे दोन मीटर. आतील गारवा वर्षभर सारखा. जवळच द्राक्षे तुडविण्याच्या कुंड्या. शिवाय सुरयांच्या तोंडात नेमकी बसणारी मातीची बुचे आणि रस ओतण्याचे नसराळेही मिळाले. म्हणजे द्राक्षारस बाहेरून येत नव्हता. तो येथेच तयार होई, येथेच भरला जाई आणि येथूनच गावाचे नाव घेऊन बाहेर पडे. नाव, अंतर, पाणी, लेख आणि उद्योग असे पाच साक्षीदार एकच गोष्ट बोलू लागले, तेव्हा बहुतेक पंडितांनी मान्य केले की अल-जीब हेच गिबोन.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग. तो गाळला तर आम्ही त्या पित्याशी खोटे वागलो असे होईल. अबनेर आणि यवाब यांची माणसे याच विहिरीकाठी बसली, असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. सुरयांच्या कानांवर हनन्या हे नाव आढळते, आणि यिर्मयाशी वाद घालणारा खोटा संदेष्टा हनन्याही गिबोनचाच. पण नाव एक म्हणून माणूस एक, असे म्हणता येत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, यहोशवाच्या काळी गिबोन मोठे नगर होते असे ग्रंथ सांगतो. प्रिचर्ड यांना त्या सुमाराच्या केवळ कबरी मिळाल्या, नगराचे अवशेष मिळाले नाहीत. त्यांनी टेकडीचा थोडाच भाग खणला होता हे खरे. तरी न सापडलेले सापडले असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

यामुळे कोणाच्या श्रद्धेला तडा जाण्याचे कारण नाही. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी शास्त्राच्या अभ्यासकांना बजावले की प्राचीन लोकांची लेखनाची रीत आणि पुराणवस्तूंची साक्ष ध्यानी घेऊनच ग्रंथांचा अर्थ लावावा. कुदळीने गावाची जागा दाखविता येते. त्या गावी दिलेला शब्द लबाडांच्या बाबतीतही पाळावा, ही शिकवण तिने उकरून निघावयाची नाही; ती वाचणाऱ्याच्या अंतःकरणातच रुजावी लागते.

आठवड्याने ते गृहस्थ पुन्हा आले, तेव्हा हे सारे आम्ही त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे फादर, नाव सांभाळले ते त्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनीच ना?” होय, त्यांनीच. धर्माने मुसलमान, भाषेने अरबी, आणि आजही त्या टेकडीवर नांदणारे ते लोक. आपण शास्त्रातील एक नाव जपून ठेवीत आहोत याची पुसट कल्पनाही नसताना, पिढ्यानपिढ्या त्यांनी ते आपल्या मुलांच्या तोंडी दिले. त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

आणि मुलाला काय सांगावे? त्याला सांगा की तुझा प्रश्न चांगला होता. याच गिबोनात शलमोनाने देवाकडे धन मागितले नाही, दीर्घ आयुष्य मागितले नाही. बरेवाईट पारखणारी बुद्धी मागितली, आणि देव प्रसन्न झाला. रात्रीच्या वाचनाला त्यालाही शेजारी बसवा. जेथे ठाऊक आहे तेथे ‘होय’ म्हणा, जेथे नाही तेथे ‘ठाऊक नाही’ म्हणा, आणि पुढचा अध्याय उघडा.