परसातली बैठक

आपल्या भाषेने अंगणाला जितके डोक्यावर घेतले, तितके परसाला घेतले नाही. अंगणात तुळस, अंगणात रांगोळी, अंगणात चांदणे. परसाच्या वाट्याला आला तो 'परसाकडे जाणे' हा वाक्प्रचार! वर्गात तो निघाला की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि मराठीच्या प्राध्यापकाला उगीचच खडू शोधत बसावे लागते.

हे सांगायचे कारण, यंदा आम्ही आमचे परस सुधारले. भंडाऱ्याच्या सखल भागात आमचे वडिलोपार्जित कवेलूचे घर. मागे विहीर, कडुलिंब, धुण्याचा दगड आणि केळी-अळूचा वाफा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, शहराचा बराच भाग पाण्यात गेला आणि आमची मागची मातीची भिंत बसली. तेव्हापासून तिथे टिनाचे पत्रे उभे होते. या उन्हाळ्यात मी जाहीर केले, "भिंत बांधायचीच आहे, तर सगळे परसच नीट करू. घरच्यांना संध्याकाळी बसायला जागा होईल."

नकाशाही मीच काढला. विहीर बुजवायची, दगड हलवायचा, सगळीकडे चकचकीत फरशी, मधोमध झोपाळा आणि कडेने हिरवळ. मुले खूष झाली. आईने मात्र तो कागद दोनदा फिरवून पाहिला.

"बाबू, बसाले जागा त पहिलेही होती. मी तिथं कवा बसली, सांग बरं?"

मी आठवू लागलो. परसातली आई मला ओणवी आठवली, उकिडवी आठवली, रहाटाशी उभी आठवली. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचे गाव. आमच्या घरातही गुंड, गंज, घंगाळ अशी पितळच पितळ होती, आणि ती चिंच-राखेने घासणारे हात एकाच बाईचे होते. वैशाखात त्याच परसात कुरडया आणि सांडगे वाळत. बाजेवर पसरणारे आम्ही: वडील वर्तमानपत्र घेऊन, मी कादंबरी घेऊन. इतकी वर्षे 'आमच्या परसात काय निवांत वाटायचे!' असे मी चारचौघांत सांगत आलो होतो, ते कोणाच्या जिवावर?

मी सौ.ला विचारले. ती म्हणाली, "बसते की मी. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत."

नकाशा फाडला. उरलेली अक्कल मिस्त्रीने शिकवली. "सर, इथला मे महिना ४५ अंशांवर जातो. ही फरशी दिवसभर तापली की रात्री तुम्ही तिच्यावर पाय तरी ठेवाल का?" शिवाय आपल्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सगळे सिमेंटने लिंपले तर ते पाणी मुरायचे कुठे? तेव्हा मुरूम टाकून धुमसला, त्यावर वाळू पसरली आणि सिमेंटशिवाय विटा मांडल्या. फटींतून पाणी खाली जाते. कडुलिंबाला हात लावला नाही. त्याच्यासारखे छत कोणता मिस्त्री घालणार? विहिरीवर लोखंडी जाळी आली, रहाट तसाच राहिला.

धुण्याचा दगड मात्र मी हट्टाने तिथेच ठेवला, पण कमरेइतक्या ओट्यावर चढवून. आता वाकावे लागत नाही की उकिडवे बसावे लागत नाही. तिथले पाणी पन्हळीने केळी-अळूला जाते, म्हणून हिरवळीचा खर्चही वाचला. ओट्याचा आणखी एक गुण निघाला. माझी उंची त्याला बरोबर जुळते, असा शोध सौ.ने लावला आणि रविवारचे कपडे माझ्याकडे आले. (विद्यार्थी कुंपणाबाहेरून जातात, तेव्हा मी झाडाकडे पाहत असतो.)

कोजागिरीला आम्ही पहिल्यांदा सगळे परसात बसलो. आईला बाजेवर लोड लावून दिला. पाचच मिनिटांत तिची चुळबूळ सुरू झाली.

"रिकाम्या हातानं बसवत नाही बाप्पा. थोडा लसूण त आन सोलाले."

लसूण आणायला सौ. उठणार, इतक्यात मीच उठलो. सोलायलाही बसलो. आईने दोन पाकळ्या पाहिल्या, मान हलवली आणि बाकीचा स्वतःकडे ओढून घेतला. सौ. मात्र शेवटपर्यंत हलली नाही. दूध मी आटवले होते. साखर कमी पडली, याबद्दल सासूसुनांचे एकमत झाले.