धक्का कोणाचा आणि ओझें कोणाचें ?

(नेकनूर येथील एका शिक्षकाकडून)

आमच्या नेकनूरच्या बाजारांत परवां कापसाच्या एका खरेदीदार गृहस्थानें मला अडवून विचारलें, "गुरुजी, समुद्र इथून शंभर कोसांपलीकडे. कुणब्याच्या पोरांना मुंबई बंदराचा इतिहास कशाला शिकवितां ? मुंबई इंग्रजानें आणि शेठ लोकांनीं बांधली. आपल्या पोरांनीं तेथें जाऊन हमाली करावी, चार पैसे आणावे, संपलें !" त्यांच्या काट्यापुढें मापाला उभे असलेले शेतकरी मान हलवीत होते. त्या हललेल्या मानांसाठीं हें लिहितों. गृहस्थांना सगळें ठाऊक आहे.

मुंबई इंग्रजाला १६६१ च्या तहानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदण मिळाली. १६६८ सालीं त्याच्या राजानें ती कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडानें देऊन टाकली. आपल्याकडे बैल विकला तरी बाजारांत पावती फाडतात. येथें कोळ्यांसकट बेटें गेलीं आणि कोळ्याला कोणी विचारलें नाहीं. बंदराचा कारभार तेव्हांपासून याच वळणानें चालला आहे.

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हां खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथला कापूस मुंबईच्या धक्क्यांवर रिता झाला आणि पैशाचा पूर आला. (वऱ्हाड इंग्रजानें निजामाकडून १८५३ सालींच आपल्या हातीं घेतलें होतें. बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली तीहि त्याच सालीं. योगायोग म्हणणाऱ्यांनीं खुशाल म्हणावें.) त्या पैशावर समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या निघाल्या, सट्टा माजला. लढाई संपतांच भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या. मग बुडालेल्यांनीं भरलेला किनारा सरकारनें रयतेच्या पैशानें विकत घेतला, १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट थाटला आणि त्यांत व्यापाऱ्यांच्या चेंबरला खुर्च्या दिल्या. शेठजींचा समुद्र विकत घेणारा भेटला. कुणब्याचें कर्ज विकत घेणारा कोणी भेटला काय ? तेजींत हात सैल सोडणाऱ्या सावकारानें मंदींत गळा आवळला, तेव्हां १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनीं कर्जरोखे जाळले.

पुढें प्रिन्स डॉक १८८० सालीं, व्हिक्टोरिया १८८८ सालीं व अलेक्झांड्रा १९१४ सालीं झाला. सगळीं नांवें राजवाड्यांतलीं. पाटी वाहणाऱ्या बाईचें नांव कोणत्या धक्क्याला दिलेलें मला आढळलें नाहीं.

आतां १४ एप्रिल १९४४ चा दिवस पाहा. व्हिक्टोरिया डॉकांत फोर्ट स्टिकिन नांवाची बोट उभी होती. एकाच बोटींत कापसाच्या गासड्या आणि सुमारें चौदाशें टन दारूगोळा ! आमची अंगठेबहाद्दर आजीहि कडब्याच्या गंजीजवळ दिवा ठेवीत नसे. दुपारीं आग लागली, चारनंतर स्फोट झाले आणि गोदी उडाली. विझवायला गेलेले आगबंबाचे ६६ जवान मेले. त्या बोटीवर सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या, प्रत्येक पेटींत चार विटा. सोन्याचा हिशेब असा बिनचूक आहे. माणसें किती मेलीं ? कोणी आठशें सांगतो, कोणी तेराशें. या मधल्या पांचशें माणसांत रोजंदारीच्या हमालाशिवाय दुसरें कोण असणार ? विटा मात्र गाळ उपसतांना पुढें कित्येक वर्षें सांपडत राहिल्या आणि मोजल्या गेल्या.

माझे चुलते मस्जिद बंदरला माथाडी होते. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेनें लढून मिळविला, म्हणून म्हातारपणीं त्यांच्या हातीं फंडाचे पैसे पडले. मानेवरचा घट्टा मात्र शेवटपर्यंत गेला नाहीं.

मुंबईची गोदी अपुरी पडूं लागली तेव्हां पलीकडे न्हावा-शेवा बंदर निघालें व २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. त्या भागांत जमिनी जाणाऱ्यांनीं दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालीं न्याय मागितला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळ्यांनीं पांचजण पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. कोणाच्या दयेनें आलेली नव्हे.

"त्याचा नेकनूरशीं काय संबंध ?" गृहस्थहो, संबंध तुमच्या काट्यावरच आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केलें, आधीं सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच सप्टेंबरांत मराठवाड्यांतलीं पिकें अतिवृष्टीनें पाण्याखालीं गेलीं होतीं. जें बोंड वांचलें तें वेंचून बाजारांत आणलें, तर तुम्हीच म्हणालांत, "बाहेरचा माल स्वस्त येतो आहे, भाव कसा देऊं ?" तो बाहेरचा माल काय आमच्या बालाघाटाच्या डोंगरावरून उतरला ? बंदरांतूनच आला ना !

आतां मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील सुमारें अठराशें एकर बंदराची जमीन आहे. जुन्या वखारींच्या जागीं सहलीच्या बोटींचे धक्के, बागा, मोठमोठ्या इमारती असे नकाशे निघत आहेत. डहाणूजवळ वाढवणला समुद्रांत भर घालून ७६ हजार कोटींचें बंदर करण्यासाठीं ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. तेथले मच्छीमार कित्येक वर्षें विरोध करीत आहेत. २०२१ च्या नव्या कायद्यानें बंदराच्या मंडळावर कामगारांचे दोन प्रतिनिधी आहेत. शेतकऱ्याची व कोळ्याची राखीव खुर्ची त्यांत नाहीं. ज्याच्या मालाचा भाव बंदर पाडतें व ज्याची खाडी बंदर बुजवितें, त्यालाच तेवढा उंबऱ्याबाहेर कां उभा करतां ?

बंदराच्या मंडळावर शेतकऱ्याचा व कोळ्याचा एकेक माणूस घ्यावा. रिकाम्या होणाऱ्या वखारींच्या जागेंत गोदी कामगार व माथाडी यांच्या घरांचा पहिला हक्क मानावा. आणि वेंचणीच्या हंगामांत कापसाचें शुल्क माफ करण्यापूर्वीं कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांना विचारावें, असा ठराव येत्या ग्रामसभेंत गांवकऱ्यांनीं मांडावा. मजकूर मी लिहून देतों. मापाला उभ्या असलेल्या मंडळींनीं त्या दिवशीं तरी मान आडवी हलवावी, आणि खरेदीदार गृहस्थांनींहि अवश्य यावें. विरोध करावयाचा तर सर्वांसमक्ष करावा.