जिवंत नंबरचा भाव

परवा आष्ट्याहून मित्राचा फोन. ‘मर्दा, खतवाले, ठिबकवाले, रोपवाटिकावाले... आष्टा, वाळवा, बागणी पालथं घालून तीनशे जणांची यादी केलीय. पुण्याची पार्टी मागतीय. काय भाव लावू?’

एसीत बसून मी अक्कल पाजळली. ‘नावाला रुपया. अशा याद्या बाजारात ढिगानं मिळतात.’

‘त्यातले दहा नंबर फिरवून बघ,’ तो म्हणाला.

फिरवले. पाच बंद, तीन राँग नंबर, एक जण चिडला. उरला एक! म्हणजे रुपयाचं नाव मला दहाला पडलं, वर अर्धा तास पाण्यात. त्याच्या ताज्या नावाला वीस रुपयेही स्वस्तच की! फक्त एकदा विकलं, की पुढं कॉपी-पेस्ट. नुसत्या मेहनतीवर कॉपीराइट मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००७ मध्येच सांगितलंय. म्हणून म्हटलं, ‘वर्षाचा करार कर. दर तीन महिन्यांनी नंबर तपासून दे.’

मग सहज विचारलं, ‘पर्सनल मोबाइलही आहेत?’

‘आहेत की! रोपवाटिकेतल्या वहिनींनी तर चहा पाजून दिला.’

‘विकणार आहेस, हे सांगितलंस?’

फोनवर शांतता.

पाटीवर स्वतः रंगवलेला नंबर वेगळा, विश्वासानं दिलेला वेगळा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचा रोखही तोच: आधी विचारा. आणि उद्या वहिनींना दिवसाला दहा फोन आले, तर आठवडी बाजारात तोंड यालाच दाखवायचंय!

पठ्ठ्या पुन्हा गाडीवर फिरला. आता यादी दोनशे दहाची. भाव? पंचवीस.

‘विचारून घेतलेले हायत,’ म्हणतो!