नाव एक, कागद चार

मराठी मुलखातल्या कुठल्याही मुसलमानाला त्याचं पूर्ण नाव विचारा, तो लगेच सांगेल. मग विचारा, आधारकार्डावर काय आहे? रेशनकार्डावर? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर? मतदार यादीत? आता मात्र तो थांबेल. कारण चार कागदांवर चार नावं असतात आणि चारही त्याचीच असतात. आपल्या मोहल्ल्यात यावर हसण्याची पद्धत आहे. पण गेल्या काही वर्षांत हा विषय हसण्यावारी नेण्याचा राहिलेला नाही.

मुळात ही गंमत होते कशी ते पाहू. ‘शेख’ हा साधा शब्द घ्या. इंग्रजीत कुणी तो एस-एच-ए-आय-के-एच असा लिहितो, कुणी एस-एच-ई-आय-के-एच, तर कुणी सरळ एस-एच-ई-के-एच. तिन्ही बरोबर, कारण मूळ शब्द इंग्रजी नाहीच. ‘मोहम्मद’ची तर वेगळीच तऱ्हा. मराठीत मोहंमद, मुहम्मद, महंमद असं काहीही होतं. इंग्रजीत जागा वाचवायला कुणी ‘मोहम्मद’चं एम-ओ-एच-डी केलं, की पुढचा कारकून किंवा संगणक त्याचं मराठीत ‘मोहद’ करतो. असा ‘मोहद’ नावाचा माणूस कुठल्याच घरात जन्मलेला नाही, पण सरकारी याद्यांत तो भेटतो.

‘अब्दुल’चंही तसंच. अब्दुल हे पूर्ण नाव नाहीच. अब्दुल म्हणजे ‘...चा बंदा’. अब्दुल रहमान म्हणजे रहमानचा बंदा. दोन्ही शब्द मिळून एक नाव होतं. पण फॉर्मवर पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन रकाने असतात. मग अब्दुल पहिल्या रकान्यात जातो, रहमान मधल्यात, आणि रहमान हा अब्दुलचा बाप होऊन बसतो.

आता प्रांताप्रांताची रीत बघा. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात मुसलमानांची नावं बहुतेक शेजाऱ्यांसारखीच: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मुलाणी, तांबोळी, बागवान, शिकलगार ही आडनावं कामावरून आली. पाटील आणि देशमुख ही वतनावरून आली, ती हिंदूंकडे आहेत तशी मुसलमानांकडेही आहेत. कोकणात दलवाई, मुकादम, परकार आहेत. 1980 ते 1982 या काळात राज्याचे मुख्यमंत्री राहिलेल्या बॅ. अंतुल्यांचं आडनाव वाचून कुणाला त्यांचा धर्म ओळखू येणार नाही.

मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात मात्र रीत बदलते. तिथे ‘शेख सलीम शेख रहीम’ असं नाव असतं. पहिले दोन शब्द मुलाचे, पुढचे दोन बापाचे. हे नाव ऐकणाऱ्याला पूर्ण कळतं. पण तीन रकान्यांत ते बसवायचं कसं? एका कागदावर शेख हे पहिलं नाव होतं, दुसऱ्यावर रहीम हे आडनाव, तिसऱ्यावर एक शेख गळूनच पडतो. माणूस तोच, गाव तेच, घरही तेच. बदलला तो फक्त रकाना.

बायकांची अडचण याच्या दुप्पट. माहेरी असताना नावापुढे ‘बी’ असते. सासरी आल्यावर कुणी ‘बेगम’ लिहितं, कुणी ‘बानो’. वडिलांच्या नावाची जागा नवऱ्याचं नाव घेतं. जी शाळेत गेली नाही, तिच्या माहेरच्या नावाचा एकही कागद नसतो. अमक्याची मुलगी म्हणून गाव तिला ओळखतं, पण कार्यालय ओळखत नाही.

यात जन्मतारखेची भर घाला. पन्नाशी ओलांडलेल्यांत 1 जूनला जन्मलेली माणसं किती आहेत, हे मोजून बघण्यासारखं आहे. ही कुठल्या ग्रहताऱ्यांची किमया नव्हे. गुरुजींनी मूल शाळेत घेताना जून महिन्यात वय बसावं म्हणून लिहून टाकलेली ती तारीख. हे फक्त मुसलमानांचं नाही. मराठा, धनगर, बंजारा, आदिवासी, दलित अशा सगळ्याच घरांत ही 1 जूनची मंडळी सापडतील.

इथवरचं सगळं गमतीत मोडतं. गंमत संपते ती खिडकीपाशी. विधवेचं पेन्शन अडतं, कारण मयताच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक आणि पासबुकावर दुसरं. लाडकी बहीण योजनेचे पैसे यायला आधार बँक खात्याशी जोडलेलं लागतं, आणि तिथे नाव जुळत नाही. पोराचा पासपोर्ट अडतो, कारण दाखल्यावर बापाचं नाव वेगळं. मग सेतू केंद्र, नोटरी, प्रतिज्ञापत्र, गॅझेट असा प्रवास सुरू होतो. प्रत्येक ठिकाणी फी, झेरॉक्स आणि बुडालेला रोज. हातावर पोट असणाऱ्याला एका वेलांटीची किंमत आठवड्याच्या मजुरीएवढी पडते.

आणि यापुढे जी पायरी आहे, ती नागरिकत्वाची.

आसाममध्ये राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी 31 ऑगस्ट 2019 रोजी आली. सव्वातीन कोटींहून अधिक लोकांनी अर्ज केले होते, त्यातले 19 लाखांहून अधिक बाहेर राहिले. त्यात मुसलमान होते, तसे हिंदूही मोठ्या संख्येने होते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या लाखो बायकांकडे वडिलांशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज काही नव्हतं. तो दाखला उच्च न्यायालयाने बाद ठरवला होता. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. तसं झालं नसतं तर या बायकांचं काय झालं असतं, याचा विचार करा.

त्याच आसाममधल्या एका माणसाला न्यायाधिकरणाने परदेशी ठरवलं होतं. त्याच्या कागदांत नावांच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये किरकोळ फरक होते. त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 11 जुलै 2024 रोजी न्यायालयाने त्याला भारतीय नागरिक ठरवलं. निकालातले दोन मुद्दे प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. एक, आपल्या देशात याद्या ज्या पद्धतीने तयार होतात, त्यात स्पेलिंगचे फरक होणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तेवढ्यावरून कुणाला परदेशी म्हणता येत नाही. दोन, नागरिकत्व सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने माणसावर टाकली असली, तरी सरकारने हाती काही आधार नसताना कुणाचंही दार ठोठावून ‘तू परदेशी असल्याचा संशय आहे’ असं म्हणायचं नाही. 1946 च्या कायद्यातली ही जबाबदारी 2025 च्या नव्या कायद्यातही माणसाच्याच डोक्यावर आहे. म्हणून हा दुसरा मुद्दा जास्त मोलाचा.

हे आसामचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. 2019 च्या अखेरीस नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा गदारोळ चालू असताना मालेगावच्या महापालिकेत जन्मदाखल्यासाठी रांगा लागल्या होत्या. म्हातारी माणसं आपला जन्म झाल्याचा पुरावा मागायला उभी होती. पुढे 2025 च्या जानेवारीत उशिरा केलेल्या जन्मनोंदणीच्या दाखल्यांवरून वाद उठला, मालेगावात विशेष तपास पथक आलं आणि राज्यभर असे दाखले देणं थांबवलं गेलं. त्याच वर्षी बिहारमध्ये मतदार यादीची सखोल फेरतपासणी झाली. 2003 च्या यादीत ज्याचं नाव होतं, त्याला नागरिकत्वाच्या आणखी पुराव्याची गरज नव्हती. ज्याचं नव्हतं, त्याला कागद दाखवायचे होते. आता त्या जुन्या यादीत नाव कुणी लिहिलं होतं? घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने, त्याच्या कानाला ऐकू आलं तसं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. खोटे दाखले बनतात, पैसे घेऊन बनतात, मग सरकारने तपास करायचाच नाही का? जरूर करावा. ज्याने बनावट शिक्का मारला आणि ज्याने पैसे घेतले, त्याला पकडावं. पण बनावट कागद आणि चुकलेलं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बनावट कागदात फसवण्याचा हेतू असतो. चुकलेल्या अक्षरात बहुतेक वेळा कारकुनाची घाई असते. दोघांना एकाच जाळ्यात ओढलं तर खोटा माणूस निसटतो, कारण त्याचे सगळे कागद एकाच दिवशी बनलेले असतात आणि तंतोतंत जुळतात. अडकतो तो खरा माणूस. त्याचे कागद चाळीस वर्षांत, चार कार्यालयांत, तीन लिप्यांत तयार झालेले असतात.

रकाने बदलताच येत नाहीत, असंही नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनेच घेतला. फार चांगला निर्णय. पिढ्यान्‌पिढ्यांची चौकट एका आदेशाने बदलली. मग ‘शेख सलीम शेख रहीम’ हे नाव जसंच्या तसं मावेल असा एक लांब रकाना ठेवायला काय हरकत आहे? नाव ही माणसाच्या ओळखीची बाब आहे आणि तिच्यावर त्याचाच हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 रोजी सीबीएसईच्या दाखल्यांसंबंधीच्या निकालात सांगितलेलं आहे. राज्यघटनेचं कलम 19 आणि कलम 21 या हक्कामागे उभं आहे. नाव आधी माणसाचं, मग रजिस्टरचं.

म्हणून सरकारकडे मागणं साधं आहे. सरकारी नोंदीतली चूक सरकारने विनामूल्य दुरुस्त करावी, तिच्यासाठी गरिबाला नोटरीच्या दारात पाठवू नये. एकाच माणसाची वेगवेगळी स्पेलिंगं ग्राह्य धरण्याचा स्पष्ट नियम सर्व कार्यालयांना घालून द्यावा. आणि अक्षराच्या फरकावरून कुणाचा हक्क थांबवायचा असेल, तर आधी लेखी कारण आणि उत्तर द्यायला मुदत द्यावी. यात मुसलमानांसाठी म्हणून वेगळं काहीच नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईला आणि पालावर जन्मलेल्या प्रत्येक भटक्याला हे लागू होतं.

काही कामं आपलीही आहेत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरवणारा कायदा आला आहे. म्हणजे बाळ दवाखान्यातून घरी येण्याआधी फॉर्मवरचं एकेक अक्षर वाचून घेतलं पाहिजे. नाव काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर खल होतो. ते कसं लिहायचं यावर पाच मिनिटं तरी द्यावीत. जन्मनोंदीतली चूक दुरुस्त करण्याची सोय 1969 च्या कायद्यातच आहे. मतदार यादीतल्या दुरुस्तीसाठी फॉर्म 8 आहे. निवडणूक तोंडावर येईपर्यंत थांबू नये. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुना सातबारा, जुनं रेशनकार्ड रद्दीत घालू नये. मुलीचं लग्न करून देताना तिच्या दहेजची यादी दोनदा तपासली जाते. माहेरच्या नावाचे तिचे कागद तिच्यासोबत गेले का, हे एकदा तरी तपासावं.

मशिदीत शुक्रवारी चारशे माणसं जमतात. नमाजनंतर ओट्यावर एक टेबल, दोन शिकलेली पोरं आणि एक लॅपटॉप एवढ्यावर गल्लीचे निम्मे कागद सहा महिन्यांत जुळतील. आणि त्या टेबलावर शेजारच्या गल्लीतला हिंदू मजूर आला, तर त्याचाही फॉर्म भरून द्यावा. त्याचीही जन्मतारीख 1 जूनच असणार.

पण हे टेबल मांडलं म्हणून सरकारची जबाबदारी संपली, असं होऊ नये. कागद नीट ठेवणं हा शहाणपणा आहे. कागदात एक अक्षर चुकलं म्हणून माणूस या मातीतला उरत नाही, हे मान्य करणं मात्र शहाणपणा नाही. बापजाद्यांची हाडं ज्या कब्रस्तानात आहेत, त्या गावात आपण कोण आहोत हे सांगायला वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, याची गरज पडू नये. ही मागणी नागरिकाची आहे, आणि ती अर्ज करून नव्हे, हक्काने करायची आहे.