भंगारात देण्यापूर्वी

घर आवरणं वेगळं आणि घर रिकामं करणं वेगळं, हे गेल्या महिन्यात मला चांगलंच कळलं. आमची डोंबिवलीची इमारत रिडेव्हलपमेंटला जाते आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत हल्ली गल्लोगल्ली हेच चाललेलं असतं, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणी ह्यातून गेल्या असतील. तीन खोल्यांचा संसार भाड्याच्या दीड खोलीत न्यायचा. मग काय! पदर खोचला आणि तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं. पहिले दोन ढीग लहान आणि तिसरा मोठा झाला की मला वाटे, आपण किती टापटिपीच्या!

माळ्यावरून एक जुना मर्फी रेडिओ निघाला, त्याच्यावर मळकट झालेलं भरतकामाचं कव्हर. शेजारी एक निळी कापडी पिशवी, तिच्यात ग्रामोफोनच्या रेकॉर्डी. कव्हरं कसरीने खाल्लेली, नावं सगळी इंग्रजी. आमच्या घरात इंग्रजी गाणी कोण ऐकणार? कै. मामंजी नाट्यसंगीताचे भोक्ते. कुणा पाहुण्याने ठेवून गेलेल्या असतील, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी सासूबाई त्यांच्या बहिणीकडे कल्याणला गेल्या होत्या. दारावर भंगारवाला आला, मी पिशवी दिली. रद्दीबरोबर वजन झालं. किती पैसे आले ते सांगायलासुद्धा लाज वाटते.

दोन दिवसांनी आमच्या आठवीतल्या कन्येने रेडिओच्या खोक्यात आणखी पाच रेकॉर्डी शोधल्या. एकीच्या कव्हरमागे शाईने, सुरेख वळणदार अक्षरांत एक नाव लिहिलेलं होतं. ते सासूबाईंचं माहेरचं नाव. खाली साल, १९६७.

"आजी, ह्या तुझ्या?" लेकीने विचारलं.

सासूबाईंनी रेकॉर्ड हातात घेतली, पदराने पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि निळ्या पिशवीतल्या?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या काय ते समजल्या. "जाऊ दे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. आपण बायका पोट कधी बिघडतं आणि कधी बिघडवून घेतो, ते एकमेकींना सांगावं लागत नाही.

सकाळी आम्ही दोघं भंगारवाल्याच्या दुकानी गेलो. माल आदल्या रात्रीच टेम्पोतून पुढे गेला होता. तेव्हा गेल्या त्या गेल्याच.

संध्याकाळी मेथी निवडायला बसलो तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं.

त्या मूळच्या गिरगावच्या. १९६६ साली मॅट्रिक होऊन चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गेल्या. वर्गात एक पारशी मुलगी होती, तिच्या घरी रेकॉर्ड प्लेअर. क्लिफ रिचर्ड, बीटल्स ही नावं त्यांनी तिथे प्रथम ऐकली. मग दोघी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायच्या. रेकॉर्ड घेण्याआधी छोट्या बंद खोलीत ती ऐकायची सोय तिथे होती. पंधरा मिनिटं ऐकायचं, आणि पैसे नसले की "उद्या येतो" म्हणून निघायचं! हे दुकान २०१६ साली बंद झालं. आईंनी ते पेपरात वाचलं होतं. तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या.

त्याच वर्षी, १९६६ च्या सप्टेंबरात, बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला. पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी. ताजमहाल हॉटेलात उतरला होता. मिशी वाढवून, नाव बदलून राहिला, पण बातमी फुटलीच आणि खाली पोरापोरींची गर्दी जमली.

"मीपण गेले होते," आई हळूच म्हणाल्या. "घरी लायब्ररीत जाते सांगितलं."

"मग? दिसला का?"

"छे! एक खिडकी दिसली. ती तरी कुणाची कोण जाणे. येताना बस चुकली, उशीर झाला, वडिलांचा ओरडा खाल्ला."

मैत्रिणींनो, पंधरा वर्षं मी ह्या बाईंच्या हाताखाली पुरणपोळी शिकले. त्यांच्या गुडघ्यांचं तेल मला ठाऊक, त्यांचे उपास मला पाठ. पण ताजच्या खिडकीकडे मान वर करून उभी असलेली सतरा वर्षांची मुलगी मी कधी पाहिलीच नव्हती.

मग मीही जरा शोधून वाचलं, आणि मजा वाटली. ही साहेबाची गाणी आपण समजतो तितकी परकी नाहीत. क्लिफ रिचर्ड जन्मला लखनौला, १९४० साली. त्याचं खरं नाव हॅरी वेब. १९४८ साली त्याचं कुटुंब मुंबईहून बोटीने विलायतेला गेलं. एंगेलबर्ट हंपरडिंक असं जिभेची परीक्षा घेणारं नाव लावणारा गायक १९३६ साली मद्रासला जन्मला. १९६७ साली त्याच्या एका गाण्याने इंग्लंडात बीटल्सना पहिल्या नंबरावर येऊ दिलं नाही. बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' हा संच १९६६ चा. त्यातल्या एका गाण्यात तबला आहे, आणि कव्हरवर तबलजींचं नाव छापलेलं आहे: अनिल भागवत. वाचल्यावर आई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या आळीतलं नाव वाटतं!"

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईला आला, तो इथल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला. पंडित शिवकुमार शर्मांचं संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्या कामात होती. त्यांतल्या एका चालीवर पुढे लंडनला शब्द गायले गेले आणि मार्चमध्ये ती बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आली.

आपल्याकडूनही उसनवारी झालीच. १९६५ च्या 'जानवर' चित्रपटात शम्मी कपूरच्या एका गाण्याला शंकर-जयकिशननी बीटल्सची १९६३ ची गाजलेली चाल घेतली. त्याच वर्षीच्या राजा नवाथे ह्यांच्या 'गुमनाम'ची गोष्ट अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवरून. आणि आमच्या माळ्यावरचा मर्फी? कंपनी मूळची इंग्लंडची, १९२९ ची, पण भारतातला तिचा कारखाना आपल्या ठाण्यात होता. ते मर्फीचं बाळ आठवतं ना? 'बर्फी' चित्रपटामुळे २०१२ साली ते आपल्या मुलांनाही ठाऊक झालं. विलायत म्हणजे सातासमुद्रापलीकडे, असं आपण म्हणतो. इथे ती दोन स्टेशनांवर होती!

लग्न १९६९ च्या मे महिन्यात झालं. इंटरपर्यंत शिक्षण झालेलं. डोंबिवलीला अकरा माणसांचं घर, विहिरीचं पाणी, सकाळी गाडी गाठणाऱ्यांचे डबे. रेडिओ होता, पण त्याचा कान मामंजींच्या हाती. बातम्या आणि नाट्यसंगीत. रेकॉर्डी ट्रंकेतून आल्या होत्या, प्लेअर मात्र आला नव्हता. "कुणी मना केलं नाही," आई म्हणाल्या, "पण सासरी गेल्या गेल्या इंग्रजी गाण्यांचं काय काढायचं? पुढे बघू म्हटलं." ते पुढे पन्नास वर्षं लांबलं.

मी म्हटलं, "किती छान काळ होता हो तुमचा!"

त्या हसल्या. "काळ कसला छान! रेशनचा लाल गहू, रॉकेलला रांग. आम्ही अठरा वर्षांच्या होतो, एवढंच छान होतं."

ह्याहून खरं वाक्य मी बी.ए.च्या कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

पाच रेकॉर्डींतली एक 'टु सर, विथ लव्ह' ह्या चित्रपटाची निघाली. १९६७ चा इंग्रजी चित्रपट. लंडनच्या गरीब वस्तीतल्या दांडगट मुलांच्या शाळेत एक कृष्णवर्णीय शिक्षक येतो, ती गोष्ट. मूळ पुस्तक १९५९ चं, ब्रिटिश गयानाहून आलेल्या ब्रेथवेट ह्यांनी स्वतःच्या मास्तरकीवर लिहिलेलं. सिडनी पॉइटियर त्यात शिक्षक होता. लुलू नावाची मुलगी त्यात विद्यार्थिनीही होती आणि गाणंही तिनेच म्हटलं. आपल्या विनोद खन्नाचा 'इम्तिहान' (१९७४) त्यावरूनच सुचलेला. आईंनी कॉलेजच्या शेवटच्या दिवसांत तो पाहिला आणि मनाशी ठरवलं, आपण शिक्षिका व्हायचं. बी.ए. करायचं, मग बी.टी. करायचं. तेवढ्यात स्थळ आलं.

हे ऐकताना माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. चार वर्षांपूर्वी मला शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवायचं काम चालून आलं. घरात सगळे कुरकुरले होते. पगार तो काय, मुलीकडे कोण बघणार, दुपारचं जेवण कोण वाढणार. तेव्हा एकट्या आई म्हणाल्या होत्या, "तू जा. घराचं मी बघते." मला वाटलं होतं, सासू समजूतदार आहे. त्या एका वाक्यामागे काय होतं, ते मेथी निवडताना कळलं.

ह्यांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे ठाण्याला रेकॉर्ड प्लेअर आहे. गेल्या रविवारी आईंना घेऊन गेलो. पाचांतल्या दोन पार वाकलेल्या, तीन वाजल्या. खरखर होती, मधे एकदा सुई अडकली. आई कव्हर मांडीवर घेऊन स्वस्थ बसल्या होत्या. एक बाजू संपल्यावर म्हणाल्या, "आवाज तसाच आहे. मला वाटलं होतं, माझ्यासारखा तोही उतरला असेल." परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून काहीतरी गुणगुणत होत्या. निळ्या पिशवीबद्दल अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

आता, तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगते.

रेकॉर्डी एकीवर एक आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि रेकॉर्डी वाकतात (आमच्या दोन तशाच गेल्या), तेव्हा त्यांना खालचं, सावलीतलं कपाट द्या. हाताळताना कडेला धरा, बोटं मधल्या रेघांवर टेकवू नका.

धूळ मऊ कोरड्या फडक्याने, रेघांच्या दिशेने गोल पुसावी. फारच मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून ओलसर फडकं फिरवा. मधला कागद भिजू देऊ नका. पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरात घालू नका. ४५ आणि ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या असतात. पण त्याहून जुन्या, जड, ७८ फेऱ्यांच्या बहुतेक लाखेच्या असतात. त्या पडल्या की काचेसारख्या फुटतात, आणि त्यांना स्पिरिट मुळीच लावायचं नाही. लाख विरघळते.

कव्हरांना कसर लागते ती दमट जागेमुळे. कपाट कोरडं ठेवा, वरचेवर उघडून वारा द्या.

जुना रेडिओ निघाला तर "बघू या चालतो का" म्हणून एकदम प्लग लावू नका. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या सेटमधले कंडेन्सर खराब झालेले असतात. धूर निघतो, शॉकही बसू शकतो. आधी जाणत्या माणसाला उघडून बघू द्या. मागचं झाकण आपण काढायचं नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत आधी कळायला हवी होती. तिसरा ढीग एकटीने करू नका. घरातल्या वडील माणसाला शेजारी पाटावर बसवा आणि एकेक वस्तू हातात देऊन विचारा, "हे कुणाचं?" दोन दिवस जास्त लागतील, लागू देत. सासूबाई, आई, मावशी, कुणीही असो, "जाऊ दे" म्हणायची सवय आपल्या सगळ्या बायकांना आहे. ते ऐकून पुढे जाऊ नका, जरा थांबा.

आमच्या नव्या भाड्याच्या जागेत सोफा मावला नाही, तो दिला. तीन रेकॉर्डी आणि मर्फी मात्र न्यायच्या ढिगात आहेत. कन्येने आजीकडून एक गाणं शिकून घेतलंय. उच्चार माझ्यापेक्षा आजीचे चांगले आहेत, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मी काही बोलले नाही. ते खरंच आहे.